डिव्हायडरवर हात बदल

अगं, काल फोनवर तुझा आवाज भरून आला ना, तो माझ्या कानातून रात्रभर गेला नाही. "ताई, लालबागला येऊन तीन आठवडे झाले, अजून मला रस्ता ओलांडता येत नाही. पिल्लूचा हात धरून दहा दहा मिनिटं कडेला उभी राहते. मागून बायका येतात, पिशव्या सांभाळत सरळ निघून जातात. मीच अशी कशी गं?"

अशी कशी म्हणजे काय? शहाणी आहेस म्हणून उभी राहतेस. कराडला तू स्कूटीवर सगळं गाव पालथं घालायचीस, सासऱ्यांना घेऊन रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचीस. तीच तू आहेस. फक्त रस्ता नवा आहे, आणि खरं सांगू का, तो सोपा रस्ता नाहीच. ज्या बायका सरळ निघून जातात ना, त्यांना येतं म्हणून जातात असं समजू नकोस. अर्ध्याअधिक जणींना फक्त भीतीची सवय झालीय. तुला रस्ता यायला हवा, ती सवय नको.

बघ, आंबेडकर रोड एकच आहे असं पाटीवर लिहिलंय, पण चालणाऱ्या बाईसाठी तो पाच-सहा वेगळे रस्ते आहे. भायखळ्याला राणीबागेसमोर उतरलीस की शाळेच्या सहली, फुगेवाले, बुरख्यातल्या आया आणि त्यांच्या दोन्ही हातांना दोन पोरं. थोडं पुढे चिंचपोकळी, मग तुमचं लालबाग : चिवडा गल्ली, मिरच्या-मसाल्यांचा बाजार, माल उतरवणारे टेम्पो आणि मधोमध पुलाचे खांब. मग भारतमाता सिनेमाचा कोपरा. परळला सगळ्या देशातून आलेले पेशंट. हिंदमाता, म्हणजे कपड्यांची दुकानं आणि पावसाचं पाणी. दादर टीटीला एका बाजूला हिंदू कॉलनी, एका बाजूला पारशी कॉलनी, आणि माटुंग्याला सकाळी सकाळी डोक्यात गजरा माळून देवळाकडे निघालेल्या तामिळ मावश्या. शेवटी सायन. दर अर्ध्या किलोमीटरला माणसं बदलतात, घाई बदलते, म्हणून ओलांडायची रीतही बदलावी लागते. सगळीकडे एकच हिशेब लावलास तर चुकशील.

पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे आणि ती मी तुझ्याकडून पाठच करून घेणार आहे. तुला गाडी दिसते, म्हणजे गाडीवाल्याला तू दिसतेस असं नाही. आपण बायका कडेला उभ्या राहून गाडी किती लांब आहे एवढंच बघतो. आपण कुणाला दिसतोय का, हे बघतच नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल. संध्याकाळची वेळ, हातात भाजीची पिशवी, घरी पाहुणे येणार होते. मी बसमधून उतरले आणि बसच्या पुढूनच तरातरा निघाले. बस थांबलेली, ड्रायव्हर ओळखीचा चेहरा, मला वाटलं माझं सगळं सुरक्षित आहे. बसची कड ओलांडून पाऊल टाकलं आणि अगदी नाकासमोरून मोटरसायकल गेली. पिशवीला तिचा आरसा लागला, पिशवी फाटली, टोमॅटो रस्ताभर. तो मुलगा पुढे जाऊन थांबला, हेल्मेट काढलं, आणि तो माझ्याहून जास्त थरथरत होता. म्हणाला, "ताई, तुम्ही दिसलाच नाहीत हो." त्याची चूक नव्हती गं. बसच्या आडून मी त्याला दिसणार कशी? घरी गेले, पाहुण्यांना चहा केला, आणि रात्री भांडी घासताना हात कापायला लागले.

तेव्हापासून बसमधून उतरले की बस जाईपर्यंत मी फुटपाथवर थांबते. पाव मिनिट जातं, जाऊ दे. दूध उतू गेलं तर पुसता येतं.

आता तुमच्या लालबागचं बघ. २०११ मध्ये हा उड्डाणपूल झाला आणि वरच्या गाड्या सुसाट झाल्या. खाली आपल्या वाट्याला सावली आली आणि खांब आले. तू डिव्हायडरवर थांबतेस तेव्हा पुढच्या अर्ध्या रस्त्यावरच्या गाड्या तुझ्या डाव्या हाताकडून येतात, हो ना? मग खांब डाव्या हाताला असेल अशा जागी उभं राहायचंच नाही. खांब डावीकडे असला की येणाऱ्या गाडीला तू खांबामागे लपलेली. तू पाऊल पुढे टाकशील तेव्हाच त्याला पहिल्यांदा दिसशील, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. झेब्राच्या पट्ट्यातसुद्धा दोन पावलं इकडे तिकडे होता येतं. खांबापासून सरक, मोकळ्यात ये, मान वळवून बघ. पुलाखाली उभ्या केलेल्या गाड्या, हातगाड्या, पोस्टर, त्यांनाही हाच नियम.

आणि पूल जिथे उतरतो तिथे, राणीबागेकडे, जास्त सांभाळ. पुलावरून येणाऱ्या माणसाच्या पायाला अजून पुलाचाच वेग असतो. खाली माणसं चालतात हे त्याच्या ध्यानात यायला चार क्षण लागतात. ते चार क्षण आपण त्याला द्यायचे.

तू म्हणालीस, "ताई, लांब असते गाडी, मग एकदम अंगावर कशी येते?" थांब, याचा हिशेब घालू या, वाणसामानाचा घालतो तसा. एका बाजूला तीन लेन धर. एक लेन साधारण साडेतीन मीटरची, म्हणजे साडेदहा मीटर झाले. रस्ते आखणारे इंजिनिअर माणसाचा चालायचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे तुला ओलांडायला जवळजवळ ९ सेकंद लागणार. ५० च्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. ९ सेकंदांत ती सव्वाशे मीटर येणार. बेस्टच्या दहा लांब बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं अंतर होईल तेवढं. म्हणजे दहा बसच्या पलीकडची गाडी ठिपक्याएवढी दिसत असली तरी ती तुझ्या हिशेबात धरायची. आणि हा वेग तुझा एकटीचा, रिकाम्या हातांनी. पिल्लू सोबत असेल, सासूबाई सोबत असतील, तर १.२ कुठला आलाय?

गाडी ३० नं येत असेल तर तीच सेकंदाला ८ मीटरच येते आणि ब्रेक मारल्यावर थांबतेही लवकर. म्हणून मला गर्दीच्या वेळेपेक्षा दुपारी दोनचा आणि रात्री दहाचा मोकळा रस्ता जास्त भीतिदायक वाटतो. तुला उलटं वाटतं, मला माहिती आहे. गर्दीत हॉर्न असतात, आरडाओरडा असतो, जीव घाबरतो. पण तिथे गाड्या रांगत असतात. मोकळ्या रस्त्यावर आपली नजर सैल होते आणि गाडी सुटलेली असते. शिवाय आता विजेवरच्या बस आल्यात, विजेवरच्या स्कूटर आल्यात. आवाज ऐकून मागे वळायची आपली जुनी सवय तिथे उपयोगाची नाही. कानात ते इअरफोन घालून आईशी बोलत रस्ता ओलांडतेस ना? मला दिसलीस परवा. ते बंद. आईला पलीकडे गेल्यावर फोन कर, ती कुठे पळून जात नाही.

आता पिल्लूचं. मूल हाताशी असताना बोटं धरायची नाहीत, मनगट धरायचं. बोटं घामानं निसटतात, आणि पाच वर्षांच्या पोराला पलीकडे फुगा दिसला की ते बोट सोडवून धावतं. एवढ्या मुलांना गाडी किती वेगानं येतेय हे कळतच नाही, कितीही हुशार असलं तरी. त्याला रागावून उपयोग नाही, ते समजायला वय लागतं. पहिल्या अर्ध्या रस्त्यात गाड्या उजवीकडून येतात, म्हणून मूल डाव्या हाताला, म्हणजे गाड्या आणि मूल यांच्यामध्ये तू. डिव्हायडरवर पोचलीस की थांबायचं आणि हात बदलायचा. आता गाड्या डावीकडून येणार, म्हणून मूल उजव्या हाताला. दप्तर, डबा, छत्री, सगळं त्याआधीच खांद्याला अडकवलेलं हवं. हातात काही नको.

माझ्या लेकीला मी हे खेळासारखं शिकवलं होतं. डिव्हायडर आला की तीच ओरडायची, "आई, हात बदल!" त्या दोन शब्दांत आम्ही दोघी आपोआप थांबायचो, आणि खरा फायदा तोच होता. अर्धा रस्ता पार झाला की माणसाला वाटतं जिंकलो, आणि पुढचा अर्धा तो पळत सुटतो. आता ती कॉलेजात जाते, माझ्याहून उंच झालीय. तरी परवा दादर टीटीला माझ्यासोबत ओलांडताना डिव्हायडरवर थांबली आणि न बोलता माझ्या दुसऱ्या बाजूला आली. मला गं एकदम भरून आलं.

सासूबाईंना घेऊन परळला जावं लागतं म्हणालीस. त्याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण तिथे माझ्याकडून जे झालं ते तुझ्याकडून व्हायला नको. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले. ओपीडीची वेळ गाठायची होती आणि सिग्नलचा हिरवा माणूस लागलेला दिसला. मी म्हटलं, "चला, चला, आई, लवकर." अर्ध्यात पोचलो तोवर तो लुकलुकायला लागला. मी त्यांना ओढलं. त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की माझ्या काचेच्या दोन बांगड्या तिथेच फुटल्या. पलीकडे गेल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. फुटपाथवर चढायला पाय उचलेना, तर तशाच रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, आणि माझ्या मनगटावर आलेलं रक्त पदरानं टिपत राहिल्या. त्या दिवशी मी ठरवलं, यांच्या पायांचा वेग हाच माझा वेग. डॉक्टर उशिरा भेटले तर भेटले.

तेव्हापासूनचा माझा नियम सांगते. म्हातारं माणूस किंवा मूल सोबत असेल तर आधीपासून लागलेल्या हिरव्यावर निघायचं नाही. तो जाऊ द्यायचा. लाल होऊ दे, पुन्हा हिरवा लागला की पहिलं पाऊल आपलं. नवा हिरवा पूर्ण आपल्या मालकीचा असतो. आणि तरीही डावीकडे वळणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवायची, कारण आपला सिग्नल सुटलेला असताना त्या खांद्यामागून वळून येतात. मध्ये अडकलात तर डिव्हायडरवर निवांत उभं राहायचं. मागून कुणी हॉर्न वाजवो, कुणी काही म्हणो. सासूबाईंना सांग, "आई, आपण इथे थांबलोय, आपल्याला घाई नाही." मोठ्यानं सांग. त्यांनाही धीर येतो आणि तुलाही.

परळच्या त्या पट्ट्यात तुला एक गोष्ट दिसेल. केईएम आहे, वाडियाची दोन हॉस्पिटलं आहेत, टाटा मेमोरियल आहे. केईएम १९२६ पासून तिथे आहे, टाटा १९४१ पासून. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, बरोबर कुणीतरी गोंधळलेला भाऊ नाहीतर नवरा. त्यांना गाड्या कुठून येतात हेही कळत नाही, कारण डोक्यात रिपोर्ट असतो. मागच्या महिन्यात एक बाई माझ्याशेजारी उभी होती, मला वाटतं बंगाली असावी. रस्त्याकडे बघतच नव्हती. पाकीट छातीशी धरून पाऊल टाकायला निघाली तेव्हा मी तिचा दंड धरला. तिनं दचकून बघितलं. मी हातानंच सांगितलं, थांब, माझ्यासोबत चल. पलीकडे गेल्यावर तिनं माझा हात लगेच सोडला नाही.

तू घाबरतेस म्हणतेस ना? उद्या तिथे तुझ्याशेजारी असं कुणी दिसलं तर तू त्याला सोबत घे. दुसऱ्याला सांभाळायला लागलं की आपले पाय आपोआप खंबीर होतात. घोळक्यानं ओलांडणं तसंही बरं. पाच-सात माणसं एकत्र निघाली की दुरून दिसतात. फक्त घोळक्याच्या शेपटाला राहायचं नाही. शेपटातला माणूस समोरच्याच्या पाठीकडे बघून चालतो आणि तेवढ्यात सिग्नल सुटतो.

आणि हो, एखादा भला माणूस गाडी थांबवतो, हात दाखवतो, "जा ताई." लगेच मान डोलावून धावू नकोस. तो थांबला, त्याच्या पलीकडच्या लेनमधला थांबलाय का? त्याच्या गाडीच्या नाकापाशी थांबून पुढे डोकावायचं, मग पाऊल. दर लेनला हेच. ट्रकसमोरून, डंपरसमोरून जाताना ड्रायव्हरचा चेहरा दिसतो का बघ. चेहरा दिसत नसेल तर त्याच्या लेखी तू तिथे नाहीसच. बाजारात टेम्पो रिव्हर्स घेतात तेव्हाही तसंच, आरशात त्याचा चेहरा शोधायचा. राँग साइडनं येणाऱ्या बाइकसाठी दोन्हीकडे बघायचं, वनवे असला तरी. ते नियमात नाही हे मला कळतं, पण आपल्याला घरी जायचंय.

दादर-माटुंग्याकडे तुला एवढी चिंता नाही. फुटपाथ त्यामानानं बरे आहेत, झाडं आहेत. फक्त दादर टीटीच्या चौकात रस्ते सगळ्या बाजूंनी येऊन मिळतात, तिथे एका दमात तिरकं ओलांडायचा मोह टाळ. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, माहितीये ना? मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, नाव तेवढं राहिलं.

पादचारी पुलांवरून जायचं की खालून, असं विचारलंस. माझं स्पष्ट मत सांगू? रस्ता वाहनांसाठी मोकळा ठेवायचा आणि चालणाऱ्यानं चाळीस पायऱ्या चढायच्या, हे मला पटत नाही. चालणाऱ्याला जमिनीवरच नीट झेब्रा आणि पुरेसा वेळ देणारा सिग्नल मिळाला पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या बाईनं, पोटुशीनं, कुबडीवाल्यानं काय करायचं? पण आत्ता तुझ्या पायात बळ आहे, म्हणून जिथे पादचारी पूल आहे आणि त्यावर वर्दळ आहे तिथे तो वापर. रात्री रिकामा, दिवे गेलेला असेल तर नको. मग थोडं लांब पडलं तरी सिग्नलपर्यंत चालत जायचं.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. हिंदमाताला पाणी भरतं हे तू टीव्हीवर बघितलंस. पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्यात, तरी मोठा पाऊस आला की तिथून चालायचंच नाही. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. २०१७ च्या २९ ऑगस्टच्या पावसात मुंबईतले एक मोठे डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये गेले. घर जवळ आलंय म्हणून गाडीतून उतरून चालत निघाले होते. माझ्या मनातून ते कधी जात नाही. म्हणून पाणी पोटरीच्या वर असेल तर कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसून राहा, मला फोन कर, पिल्लूच्या शाळेत फोन कर. शाळा मुलांना सोडणार नाही अशा वेळी. पाण्यात कुठे झाडाची फांदी किंवा बांबू खोचलेला दिसला तर तिथे उघडं झाकण आहे असं समज. पाणी गरगर फिरत असेल तिथून लांब राहा.

छत्री पुढे झुकवून चालायचं नाही. पाऊस तोंडावर येतो म्हणून आपण छत्री पुढे ओढतो आणि समोरचं सगळं झाकून टाकतो. तोंड भिजू दे. मी पिल्लूला पिवळा रेनकोट आणून ठेवलाय. तुझी ती काळी छत्री घरात ठेव, पावसात आणि तिन्हीसांजेला काळा रंग रस्त्यात विरघळून जातो. रात्रपाळीहून येताना फिकट ओढणी घेत जा. एवढ्यानंही फरक पडतो.

गणपतीत मात्र तू घाबरशील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. लालबागचा राजा १९३४ चा, चिंचपोकळीचा चिंतामणी त्याच्याही आधीचा, १९२० चा. आगमनाच्या दिवसापासून तुझ्या घराखालचा रस्ता माणसांचा होतो. हा रस्ता त्या दिवसांत किती सुंदर दिसतो हे तुला कळेल, मी तुला मिरवायला नेणारच आहे. पण गर्दीत गाड्या बंद नसतात, अर्ध्या चालू असतात, आणि तिथेच घोटाळा होतो. २०२४ मध्ये गणपतीच्या आधीच्या रविवारी रात्री लालबागमध्ये एका दारू प्यायलेल्या प्रवाशानं चालत्या बसचं स्टिअरिंग ओढलं. बस माणसांमध्ये घुसली, एक तरुण मुलगी गेली, बरेच जखमी झाले. ती मुलगी चालत होती एवढंच. तिची काही चूक नव्हती. मी तुला एवढे नियम सांगतेय त्याचा अर्थ असा नाही की जे लागलं ते चालणाऱ्याच्या चुकीनं लागलं. कुणी तसं म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. गाडी हाकायचे २०१७ चे नियम आहेत, त्यात झेब्रावरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचं हे लिहिलेलंच आहे.

कुणाला लागलेलं दिसलं तर पुढे हो. पोलिसांच्या कटकटीला घाबरून लोक बाजूनं जातात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही आणि मदतीवरून त्याच्यावर खटलाही होत नाही. १०८ ला फोन कर, रुग्णवाहिका येते. मान वाकवू नकोस, पाणी पाजू नकोस, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धर. ओढणी असतेच आपल्याकडे.

आता फुटपाथचं. तू म्हणालीस, "फुटपाथ आहे कुठे, मी रस्त्यावरूनच चालते." खरंय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची सहा इंचांपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. सहा इंच म्हणजे सासूबाईंना चढता येईल एवढं. तुमच्या गल्लीच्या तोंडाला ती फुटाच्या वर आहे, मी बघितलीय. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मोकळा, अपंगांनाही चालता येईल असा फुटपाथ हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे तू कुणाकडे मेहेरबानी मागत नाहीयेस.

म्हणून तू काय करायचंस, तर मोबाइलमध्ये फोटो काढायचा. उखडलेले पेव्हर ब्लॉक, पुसलेला झेब्रा, न लागणारा हिरवा माणूस. फोटोत दुकानाची पाटी किंवा खांबाचा नंबर आला पाहिजे, नाहीतर कुणाला जागा सापडत नाही. पालिकेच्या १९१६ वर तक्रार लिहून घ्यायला लावायची आणि तक्रारीचा नंबर वहीत टिपून ठेवायचा. लालबाग-परळ एफ दक्षिण वॉर्डात येतं, माटुंगा-सायन एफ उत्तर, भायखळा ई. वॉर्ड चुकला की तक्रार फिरत राहते. एकटीनं केलीस तर कदाचित काही होणार नाही, खोटं सांगणार नाही तुला. पण शाळेच्या दारात रोज ज्या दहा आया उभ्या असतात त्यांनी एकाच आठवड्यात केली तर वॉर्डात कुणीतरी फाइल उघडतं. माटुंग्यात याच रस्त्यावरच्या पुलाखाली आज नानालाल मेहता उद्यान आहे, माणसं तिथे सकाळी चालतात. पूर्वी तिथे गाड्या आणि घाण असायची. रहिवाशांनी मागे लागून लागून ते करून घेतलं. आणि २०२० मध्ये दादरला सिग्नलवर बाईची आकृती आली, फ्रॉक घातलेली. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी उगाच एक सिग्नल थांबून राहिले. रोज ओलांडणाऱ्यांत आपण इतक्या जणी, आणि दिव्यात दिसायला इतकी वर्षं लागली.

बरं, फार बोलले. तुला एवढं सगळं एकदम लक्षात राहणार नाही आणि राहायची गरजही नाही. उद्या सोमवार. मी सव्वासातला भारतमाताच्या कोपऱ्यावर उभी असेन, पांढऱ्या ओढणीत, म्हणजे तुला दुरून दिसेन. पहिल्या दिवशी मी पुढे, तू मागे. मंगळवारी तू पुढे, मी मागे, आणि मी तोंडातून शब्द काढणार नाही. बुधवारी मी अलीकडेच थांबेन आणि तुम्ही दोघं पलीकडे जाऊन मला हात करायचा.

त्या घसरणाऱ्या सपाता घालून येऊ नकोस, मागे पट्टा असलेली चप्पल घाल. पिल्लूचं दप्तर रात्रीच भरून ठेव, सकाळी शोधाशोध झाली की रस्त्यावर घाई होते. आणि काही खाऊन ये गं. मी उपमा करून आणतेय, शाळेच्या कट्ट्यावर बसून खाऊ. पिल्लूला आज रात्री झोपवताना तेवढं सांगून ठेव, डिव्हायडर आला की कुणी ओरडायचं ते.